डबा उलटा करून पाहा

आमच्या फ्रिजमधल्या डब्यावर ‘केशर-इलायची श्रीखंड’ असं छापलेलं असेल, तर आत ओल्या नारळाची चटणी असते. ‘बटरस्कॉच’मध्ये भिजवलेले छोले असतात आणि ‘रसमलाई’मध्ये सुकटीची चटणी. सुट्टीला आलेल्या भाच्याने एकदा सगळे झोपल्यावर गुपचूप ‘मँगो’ उघडलं आणि आलं-लसणाचं वाटण चमचाभर तोंडात टाकलं. त्याच्या बोंबलण्याने वॉचमन वर आला.

“मावशी, वर आंबा काढलाय की!”

“काढलाय ना. पण या घरात डब्यावरचं वाचून कोणी डबा उघडतं का? आधी हलवून बघायचं.”

प्लास्टिकच्या वस्तूंवर लोकांना कळेल असं नीट लिहिलं, तर लोक शहाण्यासारखे वागतील, असं विद्वानांचं म्हणणं आहे. माझा विरोध नाही. त्या विद्वानांना फक्त एकदा आमच्या स्वयंपाकघरात राहायला बोलवावं म्हणते.

आमच्या ह्यांचं मात्र वेगळं आहे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस बारीक अक्षरातलं सगळं वाचतो. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, विम्याच्या कागदाची मागची बाजू, कुकरच्या शिट्टीवरची अक्षरं, काही म्हणून सोडत नाहीत. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत कचऱ्याचा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या आणि बसल्या जागी घनकचरा उपसमिती स्थापन झाली. समितीत अध्यक्ष हे, सचिव हे, आणि हातात मोजे घालायला मी.

“प्रत्येक प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोण असतो,” ह्यांनी घरी आल्या आल्या जाहीर केलं. “त्यात आकडा असतो. तो वाचला की विषय संपला.”

विषय तिथूनच सुरू झाला. तो त्रिकोण वाचणं हा एक स्वतंत्र व्यायामप्रकार आहे. पारदर्शक प्लास्टिकवर पारदर्शक प्लास्टिकचाच उठाव, ना शाई ना रंग. डबा खिडकीशी न्यायचा, तिरका धरायचा, एक डोळा मिटायचा, मोबाइलची बॅटरी लावायची आणि तरीही नाहीच दिसलं तर अंगठ्याने चाचपायचं. “दोन आहे... नाही, पाच... थांब, हा ओरखडा आहे.” त्यातून आकडा नेमका तळाशी, म्हणजे बघायला डबा उलटा करायलाच हवा. हे ज्याने कोणी ठरवलं, त्याच्या घरी लोणचं घालत नसणार. ह्यांनी कैरीच्या लोणच्याची भरलेली बरणी उलटी केली. तिच्या झाकणाचे आटे गेलेत हे घरात फक्त मला माहीत होतं. “पाच! पॉलिप्रॉपिलीन!” हा आनंदोद्गार आणि पावशेर तेल एकाच वेळी बाहेर पडलं.

तर हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योजकांच्या संघटनेने काढले. एकूण सात. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ एचडीपीई, शाम्पूची बाटली. ३ पीव्हीसी. ४ एलडीपीई, दुधाची पिशवी त्यातली. ५ पॉलिप्रॉपिलीन, आपले जेवणाचे डबे. ६ पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलचं घराणं. आणि ७ म्हणजे ‘इतर’. ज्याचं काय करायचं ते ठरत नाही, ते सगळं सातात. आकडे काढले ते माल वेगळा करणाऱ्या लोकांसाठी, तुमच्या-माझ्यासाठी नाहीच. पण त्यांच्याभोवती गोल फिरणारे बाण घातले आणि घोळ झाला. कारण तसेच बाण गॅरी अँडरसन नावाच्या एका विद्यार्थ्याने १९७० साली एका स्पर्धेसाठी काढलेल्या रिसायकलिंगच्या चिन्हात होते. बाण दिसले की माणसाला वाटतं, ही वस्तू फिरून परत येणार. प्रत्यक्षात ते एवढंच सांगतात, की मी अमुक जातीचं प्लास्टिक. पत्रिका दिली म्हणजे लग्न ठरलं असं थोडंच असतं? २०१३ मध्ये अमेरिकेतच बाण काढून साधा त्रिकोण ठेवायचं ठरलं, पण तोवर बाणांचे साचे जगभर पोचले होते, आणि साचा बदलायला पैसे लागतात.

हे सगळं ह्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. कोणी वाचलं नाही. पण आकड्यांबद्दल मतं प्रत्येकाकडे तयार होती.

“पाच म्हणजे पाच वेळा वापरायचा,” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. “मी रेघा मारून ठेवते.”

“छे हो, तो दर्जा असतो,” खजिनदार म्हणाले. “एक नंबर म्हणजे फर्स्ट क्लास. सात म्हणजे लोकल माल.”

त्यांनी त्याच संध्याकाळी घरातले सगळे सात नंबर मोलकरणीला देऊन टाकले. एक नंबरच्या पाण्याच्या बाटल्या, म्हणजे ज्या एकदा पिऊन टाकायच्या असतात त्या, त्यांच्या फ्रिजमध्ये मानाने उभ्या आहेत.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट जरा निराळी. काकू कडक शाकाहारी. केकच्या दुकानासमोरून जाताना श्वास रोखतात. आपल्याकडे पाकिटावर शाकाहारी पदार्थाला हिरवा ठिपका आणि मांसाहारीला तपकिरी ठिपका असायचा. रंग नीट ओळखता न येणाऱ्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसत, म्हणून २०२० च्या नियमांत मांसाहारीचा ठिपका जाऊन तपकिरी त्रिकोण आला. चांगला बदल. पण ही बातमी काकूंपर्यंत नातवाच्या मेसेजमधून पोचली, आणि पोचेपर्यंत तिचं ‘आजी, आता त्रिकोण म्हणजे नॉनव्हेज’ एवढंच उरलं होतं. त्यात ह्यांनी डबे उलटे करायची मोहीम काढलेली.

काकू घामाघूम होऊन दारात उभ्या. हातात पिशवी.

“अगं, सगळ्यांवर आहे गं! तांदळाच्या डब्यावर आहे, उपासाच्या भगरीच्या डब्यावर आहे. ही बघ, देवघरातली गंगाजलाची बाटली, तिच्यावरसुद्धा! आणि आत एक लिहिलंय. एक म्हणजे काय, एक टक्का?”

“काकू, तो वेगळा त्रिकोण. तो तपकिरी असतो, चौकोनात असतो. ह्याला बघा, रंगच नाही.”

“रंग नाही म्हणजे लपवलंय!”

यावर उत्तर नाही. मी बराच वेळ शोधतेय.

पण गंमत बघा. ह्याच काकू मॉलमध्ये तीन कपाटं लांबून, चष्मा पर्समध्ये ठेवून, बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका ओळखतात. तिथे त्यांचा धर्म पणाला लागलेला असतो. ताकाचा ग्लास चुकीच्या बादलीत गेला म्हणून अजून कोणाचा धर्म बुडाल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे तो त्रिकोण बिचारा तळाशी पडून आहे.

माझ्यापुरतं सांगायचं, तर मी हिरव्या पानाला भुलते. पाकिटावर कुठेही एक हिरवं पान छापलेलं असलं की माझा हात आपोआप पुढे जातो. ‘निसर्गस्नेही’ फिनेल, ‘अर्थ-फ्रेंडली’ घासणी, बांबूचा टूथब्रश आणि तो ठेवायला प्लास्टिकची नळी, सगळं आहे घरात. वीस रुपये जास्त देऊन असं काही आणलं, की पुढचे चार दिवस नळ जरा सैल सोडायलाही मन कचरत नाही. पृथ्वीकडे आपलं थोडं जमेला आहे असं वाटत राहतं.

अशाच एका ऑनलाइन मागवलेल्या सामानाबरोबर एक हिरवीगार पिशवी आली. ‘मी प्लास्टिक नाही, माझं खत होतं’ असं तिच्यावर ठळक छापलेलं. मी ती समारंभपूर्वक सोसायटीच्या खतखड्ड्यात सोडली. बरेच महिने गेले. पालापाचोळ्याचं खत झालं, नारळाच्या शेंड्यांचं झालं, कोणाची तरी सुती चड्डी खड्ड्यात गेली होती तिचंही झालं. माळ्याने फावडं घातलं तेव्हा पिशवी जशीच्या तशी वर आली, अक्षरासकट.

“ताई, ही काय म्हणते बघा,” माळी म्हणाला.

पिशवी खोटं बोलत नव्हती. अशा पिशव्यांची प्रयोगशाळेत परीक्षा घेतात ती साधारण ५८ अंश तापमानात. मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात तेवढी ऊब मिळते. आमच्या पार्किंगमागच्या सावलीतल्या खड्ड्यात कुठली? चंद्रपूरच्या मे महिन्यालाही ते जमत नाही. पण ‘५८ अंश सेल्सिअस असतील तर माझं खत होतं’ असं लिहिलं तर मी घेतली असती का ती पिशवी? हिरव्या पानाला जागा उरली नसती.

मायक्रॉनचं तर बोलायलाच नको. २३ जून २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. त्या आठवड्यात आमचा भाजीवाला कोथिंबीर वर्तमानपत्रात बांधून देत होता. मग केंद्राचा नियम आला, की ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग नको. तेव्हापासून त्याच्याकडची प्रत्येक पिशवी १२० मायक्रॉनची आहे. “घ्या ना वहिनी, एकशेवीस आहे,” असं म्हणत तो फुंकर मारून पिशवी उघडतो आणि पिशवीतून पलीकडचा रिक्षा स्टँड स्वच्छ दिसतो. जाडी पिशवीवर छापायची असते म्हणे. त्याच्या पिशवीवर ‘थँक यू’ छापलेलं आहे.

पाण्याच्या बाटलीवर मात्र एक सूचना सगळ्यांना समजेल अशी असते. वापरून झाल्यावर चुरगळा. ती रिकामी बाटली कोणी पुन्हा भरून विकू नये म्हणून. आमच्या घरी ही बाटली न चुरगळता फ्रिजमध्ये जाते. मग थोडी पिवळी पडली की ताकाला, मग झाकण हरवलं की मनी प्लँटला, आणि शेवटी तिला भोकं पाडून कुंडीत खोचतात. ‘चुरगळा’ हे लेबल या सगळ्या प्रवासात तिच्या पोटावर असतं. हे एकदा गंभीरपणे म्हणाले, “माहितेय का, ही एक बाटली नाही, तीन प्लास्टिकं आहेत. बाटली एक नंबर, झाकण दोन किंवा पाच, आणि हे लेबल आणखी वेगळं. रिसायकल करायला आधी लेबल सोलून काढावं लागतं.”

“कुठलं लेबल?”

“हेच. ‘कृपया रिसायकल करा’ लिहिलेलं.”

दुधाच्या पिशवीवर तर चक्क पैसे छापायचे होते. २०१८ च्या नियमांत होतं, की पिशवी परत केली तर किमान ५० पैसे मिळतील, आणि तसं पिशवीवर छापावं. मला ही सगळ्यांत भारी कल्पना वाटली. उपदेशापेक्षा अधेली बरी. मी पिशव्या धुऊन, वाळवून, चवड रचून दूधवाल्यापुढे ठेवल्या.

“हे ५० पैसे देता ना?”

“देतो की,” तो म्हणाला. “पण मला आधी ५० पैशांचं नाणं दाखवा. कायद्याने चालू आहे म्हणतात. मी मुलीला दाखवीन.”

त्या पिशवीचा खरा त्रास पिशवी नाहीच, तिचा कोपरा. आपण कात्रीने टोक उडवतो, ते नखाएवढं त्रिकोणी टोक उडून ओट्यावर चिकटतं, तिथून ओल्या बोटाला, बोटावरून पोळीच्या कणकेला. पिशवी पुन्हा वापरात जाते, टोक मोरीतून थेट नदीत. ‘कोपरा पूर्ण कापू नका, लोंबता ठेवा’ एवढं जर त्या कोपऱ्यावरच छापलं, तर निदान सकाळी सहाला झोपेत कात्री चालवणाऱ्या बाईला ते दिसेल. पण तिथे गायीचं शिंग येतं.

मेलबर्नला राहणाऱ्या भाचीला मी फोनवर हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, “मावशी, इकडे पाकिटावर सुटं सुटं लिहितात. डबा या बादलीत, झाकण त्या बादलीत, वरची फिल्म कचऱ्यात. २०१८ पासून आहे.”

“आणि लोक ऐकतात?”

“मी ऐकते. शेजारीण बादलीत डोकावते ना.”

हे ऐकून ह्यांना स्फुरण चढलं. कॅलिफोर्नियात तर २०२१ मध्ये कायदाच केलाय, जे खरोखर रिसायकल होत नाही त्यावर बाण छापायचे नाहीत, हे त्यांनी कुठेतरी वाचलेलं. मग रात्री जागून त्यांनी तक्ता केला. सात आकडे, सात रंग, सात बादल्या. बादल्या प्लास्टिकच्याच, त्यामुळे त्या कुठल्या बादलीत जाणार यावर त्यांनी तळटीपही दिली. तक्ता पार्किंगमध्ये लागला. आठवडाअखेर ‘४’च्या बादलीत खरकटं, ‘६’मध्ये तुटलेली छत्री आणि एक नारळ. ‘१’ची बादली कोणीतरी घरी नेली होती. नवीन होती ना.

आता आमच्या ताईंबद्दल. आमच्याकडे कचरा न्यायला येतात त्या ‘स्वच्छ’च्या. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच पुढे त्यांची ही सहकारी संस्था झाली. ताई वर्षानुवर्षं हेच काम करतात. ह्यांनी तक्ता त्यांना समजावून सांगायला घेतला. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पोतं जमिनीवर उपडं केलं.

मग त्यांचे हात चालू झाले. त्या वाचत नव्हत्या. बघतही नव्हत्या धड. एक डबा दाबला, “हा फुगा.” एक वाकवला, तो कट्कन मोडला, “हा कडक.” बाटली नुसती उचलली, “बिसलरी.” बाटलीचं लेबल अंगठ्याच्या एका ओढीत सुटून आलं, झाकण पिरगळून दुसऱ्या ढिगात. एक पिशवी कानाशी चुरगळली, आवाज ऐकला आणि दुसरीपासून वेगळी टाकली. हे मागून धापा टाकत डबे उलटे करून तपासत होते. एकही चूक सापडेना, याचा त्यांना त्रास व्हायला लागला. शेवटी त्यांनी वेफर्सचं चकचकीत पाकीट पुढे केलं.

“हे?”

“हे कोण घेत नाही.”

“पण ताई, यावर लिहिलंय, रिसायकलेबल.”

“लिहिणाऱ्याला सांगा घ्यायला,” ताई म्हणाल्या आणि पाकीट बाजूला टाकलं.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. मग बँकेत मोठ्या खातेदाराशी बोलायचे तशा आवाजात विचारलं, “ताई, समजा तुम्हाला या सगळ्यावर एकच गोष्ट लिहायची असती, तर काय लिहिलं असतं?”

ताईंनी विचार केला नाही. “धुऊन द्या.”

“बस?”

“आमटी लागलेला डबा हातात धरून बघा एकदा. दोन दिवसांची.”

एवढंच. दोन शब्द, मराठीत, आकडा नाही, बाण नाही, अंश सेल्सिअस नाही. हे इतके भारावले की रात्री तातडीची सभा बोलावली. विषय एकच, प्रत्येक मजल्यावर ‘धुऊन द्या’चा कागद चिकटवणे.

“साबणाने की नुसत्या पाण्याने?” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

“पाणी कोणाचं?” खजिनदार. “टँकरचं बिल मी भरतो. मी म्हणजे सोसायटी.”

“गुरुवारी पाणी बंद असतं. गुरुवारी काय करायचं?”

“गुरुवारी पिठलं खायचं. डबा लागत नाही.”

“आणि नॉनव्हेजचा डबा आमच्या डब्याबरोबर धुवायचा का?” काकू.

“काकू, तुम्ही तुमचा तुमच्या घरी धुवायचा.”

“पण पुढे पोत्यात एकत्रच ना?”

रात्री उशिरा ठराव झाला. पण नुसता कागद कोण वाचणार, असं चेअरमनना वाटलं. उठून दिसायला हवं. चेअरमनच्या मेव्हण्याचं छपाईचं दुकान आहे. चार दिवसांत गेटवर फ्लेक्स लागला. आठ बाय दहा फूट. वर ‘स्वच्छ सोसायटी, सुंदर सोसायटी’. डावीकडे चेअरमन हात जोडून, उजवीकडे खजिनदार हात जोडून, मध्ये पृथ्वीचा गोळा एका हिरव्या पानावर ठेवलेला. खाली संपूर्ण कार्यकारिणीचे चेहरे गोलांमध्ये. ह्यांचाही फोटो होता, पासपोर्टवरचा. ‘सौजन्य’ म्हणून मेव्हण्याच्या दुकानाचं नाव. आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, दोरीच्या गाठीखाली अर्धं झाकलेलं, ‘डबे धुऊन द्या’.

ह्यांनी फ्लेक्सची कड उचलून मागे पाहिलं. आकडा नव्हता.

“पीव्हीसीच असणार,” ते पुटपुटले. “तीन नंबर.”

तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी पोतं खाली ठेवलं, फ्लेक्सचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, एकदा ताणून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

“जाड आहे. पावसाळ्यात छपरावर टाकायला चांगला,” त्या म्हणाल्या. “कधी काढताय, साहेब?”